नाउमचं गॅरेज उतरवलं तेव्हा

आमच्या टेकडीवर कुणाचा नळ गळायला लागला, कुणाचं दार अडकलं, कुणाच्या कुंपणाची फळी निसटली, की पहिला निरोप नाउमला जायचा. निरोप गेला नाही तरी तो यायचाच. कानावर पेन्सिल, पट्ट्यात हातोडी आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "हे कुठल्या गाढवानं केलं होतं?" बहुतेक वेळा ते त्यानंच केलेलं असायचं. तसं सांगितलं की म्हणायचा, "मग ठीक आहे. तेव्हा खिळे वाईट मिळायचे."

नाउम माझा शेजारी. क्रिंगिलाच्या उतारावर त्याचं घर वर, माझं खाली, मध्ये कुंपण. त्या कुंपणाला त्यानंच एक छोटं दार पाडून दिलं, कारण त्याची बायको दोन्का आणि मी दिवसभर एकमेकींकडे काहीतरी मागायला जायचो आणि लांबून वळसा घालायचा कंटाळा यायचा. आम्ही सगळी समुद्रापलीकडच्या बितोलाच्या आसपासच्या गावांतून इथं आलेली. बाप्ये खालच्या पोलाद कारखान्यात, बायका शिवणाच्या कारखान्यात. नाउमनं सगळा जन्म कोकच्या भट्ट्यांवर काढला. माझा नवरा गेल्यावर आमच्या घरातलं सगळं ठाकठोकीचं काम त्यानं न विचारता आपल्या अंगावर घेतलं, आणि न विचारता माझ्या न्हाणीघराचा रंगही बदलला.

त्या काळात आमच्याकडची घरं फायब्रोची. लाकडी सांगाडा उभा करायचा, त्यावर सिमेंटच्या पातळ पाट्या ठोकायच्या, रंग मारायचा, झालं घर. त्या सिमेंटात ॲस्बेस्टॉसचे तंतू असायचे. ते कुणाला ठाऊक होतं, कुणाला नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. वाळवी लागत नाही, पाणी लागत नाही, हाच त्या पाट्यांचा बोलबाला.

नाउमचं घर विकतचं होतं, पण गॅरेज त्यानं स्वतः बांधलं. सुट्टीच्या दिवशी अंगणात पाट्या मांडून हातकरवतीनं कापायचा आणि संध्याकाळी गिरणीतून आल्यासारखा पांढराफटक होऊन आत यायचा. दोन्का त्याला दारातच झटकायची. त्या गॅरेजात गाडी कधी उभी राहिली नाही. गाडी रस्त्यावर, उन्हापावसात. गॅरेजात आंबवलेल्या कोबीची पिंपं, द्राक्षाच्या दारूची पिंपं, जुना सोफा, फुटबॉलसाठी टीव्ही आणि पंचवीस माणसं बसतील एवढं मेज. मुलीच्या बाप्तिस्म्याचं जेवण तिथंच झालं. संप झाला तेव्हा बैठका तिथंच. माझ्या नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवणही तिथंच घातलं. कुणी पाहुणा आला की नाउम आधी गॅरेज दाखवायचा, घर नंतर, आणि कधीकधी घर दाखवायचं राहूनच जायचं.

त्याला एकच मुलगी, रुझा. शाळेत शिकवते. तिशी उलटली तरी तिनं लग्नाचं नाव काढलं नाही, तेव्हा नाउमनं आपल्या परीनं खटपट सुरू केली. काहीतरी निमित्त काढून आपल्या लोकांतले इंजिनिअर जेवायला बोलवायचा. एकदा एक दंतवैद्य आला. तो जेवताना रुझाच्या दातांबद्दल बोलला, आणि रुझा हात धुवायला म्हणून गेली ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

मग एका फेब्रुवारीत तिनं जाहीर केलं की मिरच्यांच्या दिवशी ती एकाला घेऊन येणार आहे.

"नाव काय?" नाउमनं विचारलं.

"गॅरेथ."

"आपल्यातला नाही."

"नाही, ताते." आमच्यात बापाला ताते म्हणतात. "त्याचे आजोबा इथल्या खाणीत कोळसा काढायचे."

"आणि तो काय काढतो?"

रुझा जरा अडखळली. "घरांची कामं करतो."

"म्हणजे सुतार?"

"तसंच काहीतरी."

संध्याकाळी ती कुंपणाच्या दारातून माझ्याकडे आली आणि तिनं खरं सांगितलं. "वेलिकामावशी, तो ॲस्बेस्टॉस काढतो. जुन्या घरांतून. तेच त्याचं काम. तातेला आत्ताच सांगू नकोस. गॅरेथ गॅरेजकडे बघून एक शब्द जरी बोलला तरी संपलं. मी त्याला सांगून ठेवलंय, भिंतीकडे बघायचं नाही, फक्त मिरच्यांकडे बघायचं."

"आणि तो ऐकेल?"

"तो सगळं ऐकतो," ती म्हणाली. "म्हणूनच भीती वाटते. त्याच्या तोंडावर सगळं दिसतं."

मिरच्यांचा दिवस म्हणजे आमचा आयवार घालायचा दिवस. उन्हाळा सरताना, इथं तो फेब्रुवारी-मार्चात सरतो, लांबट लाल गोड मिरच्यांची पोती आणायची, आगीवर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि मोठ्या पातेल्यात तेल घालून ढवळत राहायचं. लाकडी कालथा फिरवला की तळ दिसला पाहिजे आणि पटकन बुजता कामा नये, तेव्हा आयवार झाला. वर्षभराच्या बरण्या त्यातून भरतात. ढवळायला दोन्का, सोलायला मी, भाजायला नाउम. भाजण्याच्या कामाला तो दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तेलाचं पिंप अर्धं कापून त्यानं चूल केली होती, ती दरवर्षी अंगणाच्या मधोमध असायची.

गॅरेथ वेळेवर आला. उंच, हडकुळा, गालांवर तांबूस ठिपके, दाढी गुळगुळीत केलेली. बोलणं सावकाश. आमच्यात वडीलधाऱ्याला 'चिच्को' म्हणतात, काका म्हणावं तसं, ते रुझानं त्याच्याकडून घोटवून घेतलं होतं. तो म्हणाला, "नमस्कार, चिच्को नाउम," आणि नाउमनं उत्तर दिलं, "हं. बस. मिरच्या सोलता येतात?"

"शिकवलं तर येतील."

"दंतवैद्याला आल्या नव्हत्या," नाउम म्हणाला, आणि मला वाटलं, दिवस बरा जाणार.

खरंच बरा चालला होता. गॅरेथ माझ्या शेजारी बसून सोलत होता. बोटं पोळली तरी हूं की चूं नाही. दोन्कानं त्याच्यापुढं पालकाची भरलेली पोळी ठेवली, ती संपली, दुसरी ठेवली, तीही संपली. दोन्का माझ्या कानात म्हणाली, "खातो गं. खाणारा माणूस वाईट नसतो."

दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडचा गार वारा आमच्याकडे काही सांगून येत नाही. चुलीतला जाळ आडवा व्हायला लागला, राख मिरच्यांवर उडायला लागली. नाउमनं दोन्ही बाजूंना लाकडं घालून चूल उचलली आणि गॅरेजच्या भिंतीच्या आडोशाला अगदी टेकवून ठेवली. मग आयवारचं पातेलंही तिथंच शेजारी आणलं.

गॅरेथचे हात थांबले. त्यानं रुझाकडे बघितलं. रुझानं मान हलवली. तो पुन्हा सोलायला लागला, पण डोळे भिंतीवर. शेवटी त्याला राहवलं नाही.

"चिच्को, चूल जरा लांब घेऊया का? भिंत तापतेय."

नाउमनं वळूनही बघितलं नाही. "पोरा, मी कोकच्या भट्टीवर तीस वर्षं काढली. मला आग शिकवतोस?"

"आग नाही. भिंत."

"ती भिंत मीच बांधलीय."

"म्हणजे फायब्रो आहे ना ती? तापली की..."

पुढचं त्याला बोलायला मिळालं नाही. बंदुकीचा बार काढावा तसा फटकन आवाज झाला. पाटीचा पोळपाटाएवढा तुकडा भिंतीतून सुटून उडाला, चुलीवर आपटला, आणि त्याचा चुरा मिरच्यांवर, फरशीवर, उघड्या पातेल्यात सगळीकडे पसरला. दोन्काच्या हातातला कालथा खाली पडला. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा.

नाउमनं कुणीही करेल तेच केलं. झाडू घेतला.

"झाडू नका," गॅरेथ म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मघाचा सावकाश बोलणारा मुलगा तो राहिला नव्हता. "झाडू खाली ठेवा, चिच्को. झाडलं की ते हवेत उडतं आणि छातीत जातं. सगळे पुढच्या अंगणात चला. वारा तिकडून येतोय, तिकडेच. पळू नका."

"माझं अंगण आहे," नाउम म्हणाला.

"आहे. चला."

काय वाटलं कुणास ठाऊक, पण नाउम चालायला लागला. बहुधा भट्टीवरच्या सवयीनं. तिथं कुणी त्या आवाजात बोललं की आधी हलायचं आणि नंतर भांडायचं, असा नियम होता.

गॅरेथ आपल्या गाडीकडे गेला, मास्क लावला, अंगावर कागदी पांढरा झगा चढवला आणि बागेची नळी घेऊन मागं आला. नळीचं तोंड पिळून त्यानं पाणी अगदी भुरभुर, धुक्यासारखं केलं, आणि लांब उभं राहून आधी जाळ शांत केला, मग भिंत, फरशी, चुरा, सगळं हळूहळू भिजवलं. जोराचा फवारा मारला नाही. त्यानंही उडतं, असं तो नंतर म्हणाला. मग गाडीतलं जाड प्लॅस्टिक आणून त्यानं सगळं झाकलं, कडांवर विटा ठेवल्या आणि अंगणाच्या तोंडाशी दोरी बांधली.

पुढच्या अंगणात येऊन त्यानं आम्हाला बाहेरचे कपडे उतरवून पिशवीत टाकायला सांगितलं. माझा आणि दोन्काचा ॲप्रन, नाउमचा शर्ट. ओले करून, गाठ मारून. त्यामुळं सगळ्या रस्त्यादेखत नाउम बनियनवर उभा. समोरच्या घरातली म्हातारी पडदा बाजूला करून बघत होती. नाउमनं तिला हात केला, जणू तो रोजच असा उभा असतो.

"आता पातेलं," दोन्का म्हणाली. "वरचं वरचं काढून टाकलं तर चालेल ना? खालचं चांगलं असेल."

गॅरेथनं तिच्याकडे बघितलं. त्या मुलाला त्या क्षणी पळून जावंसं वाटत होतं हे मला स्पष्ट दिसलं. "नाही, काकू. सगळंच टाकावं लागेल. आणि त्या अंगणातल्या मिरच्याही. घरातली पोती चांगली आहेत."

सकाळपासूनचं काम होतं ते. दोन्काचे डोळे भरून आले. आणि नाउमचा चेहरा हळूहळू त्याच मिरच्यांच्या रंगाचा झाला.

"चाळीस वर्षं ती भिंत कुणाला एक शब्द बोलली नाही," तो म्हणाला. "हा आला, आणि बोलली. रुझा, याला घेऊन जा."

"ताते, तो हेच काम करतो. ॲस्बेस्टॉस काढायचं. म्हणून त्याला कळलं."

"म्हणजे तू मला फसवून तपासनीस घरात आणलास."

"मी जेवायला आणलं त्याला."

"जेवला ना. दोन पोळ्या जेवला. आता जा म्हणावं."

गॅरेथ गेला. जाताना एवढंच म्हणाला, "चिच्को, दोरीच्या आत जाऊ नका. माझ्यावर रागवा, पण आत जाऊ नका." दोन्कानं आपल्या नवऱ्याची पाठ वळलेली बघून गॅरेथच्या हातात पावाची आणि चीजची पुरचुंडी दिली. मी दिसले तेव्हा मलाही गप्प राहायची खूण केली.

त्यानंतर नाउमनं अबोला धरला. मुलीशी, बायकोशी, माझ्याशी, सगळ्यांशी. दोरीच्या आत मात्र गेला नाही. दोरीपाशी खुर्ची टाकून प्लॅस्टिकखालच्या गॅरेजकडे बघत बसायचा, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. दोन्का म्हणाली, "मी त्याला विचारलं, तुला गॅरेज हवंय की मी. तर तेवढ्यापुरतं तोंड उघडून म्हणतो, विचार करायला वेळ दे."

चौथ्या-पाचव्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी कॉफी ठेवली. अर्धा कप झाल्यावर म्हणाला, "रिस्ते आठवतो तुला?"

आठवत होता. रिस्ते कारखान्यात नळांवर गरम राहण्यासाठी गुंडाळतात ते वेष्टण गुंडाळायचा. पांढरी, मऊ, लोकरीसारखी वस्तू, तीही ॲस्बेस्टॉसचीच. हिवाळ्यात पोरं गंमत म्हणून त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. रिस्ते नाचायला पहिला असायचा. शेवटी शेवटी त्याला आपल्या घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

"त्याची शवपेटी मी उचलली होती," नाउम म्हणाला. "हलकी होती. एवढा मोठा माणूस, आणि पेटी हलकी."

मी त्याचा कप पुन्हा भरला.

"रुझाला सांग, त्या पोराला बोलव म्हणावं. पण मी बघणार. माझं गॅरेज माझ्या माघारी कुणी उतरवायचं नाही."

परवाना असलेल्या कंपनीनं ते काम केलं, गॅरेथ तिच्याकडेच कामाला होता. ज्या दिवशी माणसं आली, त्या दिवशी नाउम आणि दोन्का माझ्या स्वयंपाकघरात. खिडक्या बंद करायच्या, ही अट. काचेतून सगळं दिसत होतं. नाउमनं खुर्ची खिडकीला लावली आणि फुटबॉलचं समालोचन करावं तसं सुरू केलं.

"बघ, प्लॅस्टिक अंथरतायत. सगळ्या अंगणभर. लग्न आहे का इथं? हा डबा घेऊन उभा आहे तो कोण? काही करत नाही नुसता उभा आहे. हवा मोजतोय म्हणे. मलाही असली नोकरी हवी होती."

पांढऱ्या झग्यांत सगळी माणसं सारखी दिसत होती, पण गॅरेथ उंचीवरून ओळखू यायचा. त्यांनी पाट्या भिजवल्या. मग एकेक खिळा सैल करायला सुरुवात केली. हातोडा नाही, आपटाआपटी नाही, सावकाश, बाळाच्या पायातला काटा काढावा तसं.

"तो खिळा निघायचा नाही," नाउम म्हणाला. "तो मी तिरपा मारलाय. वैताग आला होता त्या दिवशी. बघ, अडकला. मी म्हटलं ना."

गॅरेथ थांबला, वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूनं हत्यार घातलं, आणि खिळा आला. पाटी दोघांनी मिळून अलगद खाली उतरवली. अख्खी. मग तिला जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, पुन्हा एकदा गुंडाळलं, चिकटपट्टी लावली, वर धोक्याची चिठ्ठी. मग पुढची पाटी. मग पुढची.

नाउमचं समालोचन हळूहळू कमी होत गेलं. दुपारपर्यंत तो एकदम गप्प झाला. दोन्कानं विचारलं, "काय झालं?"

"एक पाटी फोडली नाही त्यानं," नाउम म्हणाला. "चढवताना माझ्याकडून दोन फुटल्या होत्या."

संध्याकाळी झाकलेला ट्रक गेला, असला कचरा जिथं घेतात तिथं. गॅरेथ तिथंच उभ्या केलेल्या न्हाणीत अंघोळ करून, कपडे बदलून माझ्या दारात आला. केस ओले, मास्कचे वळ गालांवर. रुझाही शाळेतून आली होती, पण ती दोन्काबरोबर बाहेर उभी राहून मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत होती. नाउमनं त्याला बस म्हटलं. मी कॉफी ओतली आणि भांडी घासायच्या निमित्तानं तिथंच राहिले.

"एक विचारतो," नाउम म्हणाला. "तिचा बाप म्हणून गोड करून सांगू नकोस."

"विचारा."

"गॅरेजला मागची खोली जोडली तेव्हा रुझा चार वर्षांची होती. मी पाट्या कापायचो आणि ती खाली बसायची. त्या धुळीत बोटानं कोंबड्या काढायची. मी म्हणायचो, अजून एक काढ." त्यानं खिडकीबाहेर रुझाकडे बघितलं. "मी म्हणायचो तिला."

गॅरेथनं कप खाली ठेवला. "तिनं सांगितलंय मला. आमची ओळख झाली त्याच्या पहिल्याच महिन्यात."

"मग?"

"मी डॉक्टर नाही, चिच्को. जे शिकलोय ते सांगतो. थोडे दिवस अशा धुळीत असलेल्या बहुतेक माणसांना काही होत नाही. पण कुणालाच काही होणार नाही असं जो सांगेल तो खोटं बोलतो. तुम्ही दोघांनी डॉक्टरांना सांगून ठेवायचं, की असं असं झालं होतं. म्हणजे त्यांचं लक्ष राहील. ती सिगारेट ओढत नाही, ते चांगलं आहे. धूर आणि ही धूळ, दोन्ही मिळून फार वाईट." मग तो जरा घुटमळला. "तुम्ही ओढता."

नाउमनं खिशावर हात ठेवला. मग पाकीट काढून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तीन दिवसांनी नवीन घेतलं, पुन्हा टाकलं, असं करत करत सुटली एकदाची. आता भोपळ्याच्या बिया खातो आणि टरफलं माझ्या अंगणात टाकतो.

"आणि तू?" त्यानं विचारलं. "तू तर रोजच त्यात असतोस. माझी मुलगी विधवा करणार असशील तर आत्ताच सांग."

"मी मास्क लावतो, दर वेळी. काम झालं की अंघोळ करूनच घरी जातो, कामाचे कपडे घरी नेत नाही. दाढी रोज करतो, कारण दाढी असली की मास्क नीट बसत नाही."

"म्हणून दाढी नाही होय," नाउम म्हणाला. "मला वाटलं, येतच नाही."

गॅरेथ हसला. पहिल्यांदाच त्याला मोठ्यानं हसताना बघितलं मी. मग नाउमनं विचारलं, घराचं काय? घरही फायब्रोचंच. तेही उतरवायचं का? गॅरेथ म्हणाला, आधीच बघून आलोय, रंग चांगला आहे, कुठं तडा नाही. अशा भिंतीला हात न लावणं हेच उत्तम. भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, जोराच्या पाण्यानं धुवायची नाही. रंगाचा पापुद्रा निघायला लागला तर मला सांगा. आणि चूल टेकवायची नाही.

"ते कळलंय," नाउम म्हणाला.

पुढच्या शनिवारी घरात उरलेली पोती आणि बाजारातून आणलेली दोन नवी, असा आयवार माझ्या अंगणात घातला, मधोमध. या वेळी नाउमनं भाजायला गॅरेथला बसवलं. पाच मिनिटांत उठवलं, कारण तो मिरच्या फार लवकर उलटत होता, आणि स्वतः बसला. पण बसवलं होतं खरं. दोन्का ते बरेच दिवस सगळ्यांना सांगत होती.

नवं गॅरेज दोघांनी मिळून पत्र्याचं बांधलं. भांडत भांडत बांधलं. रुझाचं लग्न झालं तेव्हा त्याला अजून दार नव्हतं. लग्नात गॅरेथ आमच्या नाचाच्या ओळीत नाउमच्या शेजारी उभा होता आणि प्रत्येक पाऊल उलट टाकत होता. नाउम त्याला दंडाला धरून ओढत होता आणि ओरडून मोजत होता.

पण नाउममध्ये खरा फरक पडला तो त्यानंतर. फायब्रो ही गोष्ट त्यानं डोक्यातच घेतली. आपल्या घरात नवा खिळा ठोकायला बंदी. दोन्कानं लग्नाचा फोटो चौकट करून आणला, तर तो कपाटावर टेकवून ठेवलाय. एवढ्यावर थांबला असता तर ठीक. पण टेकडीवर कुठं ड्रिलचा आवाज आला की हा चप्पल घालून निघतो. कुंपणावरून डोकावतो. "ती भिंत कशाची आहे? माहीत नाही? माहीत नसेल तर आहे असं धर." चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर लोक कॉफी पितात तिथं हा पाट्यांबद्दल बोलतो. एकदा पाद्रीबाबाच म्हणाले, "नाउम, आज जरा देवाबद्दल बोलूया का?" नाउम म्हणाला, "बोलू. सभागृहाचं छत कशाचं आहे ते आधी सांगा." छत तपासून घेतलं. निघालंच त्यात.

मागल्या हिवाळ्यात रस्त्याच्या खालच्या टोकाला एक तरुण जोडपं राहायला आलं. ती हन्ना, तो दुसरीकडून आलेला, कॉम्प्युटरवर काम करणारा, ईथन. एका रविवारी सकाळी त्यांच्याकडून धाडधाड आवाज येऊ लागला. नाउम माझ्या अंगणात बिया खात बसला होता. उठला. मी म्हटलं, "जाऊ दे, ओळख ना पाळख." तो म्हणाला, "म्हणूनच दोन्काची पोळी घेऊन जातो." मला त्याला एकट्याला सोडणं बरं वाटेना, म्हणून मागोमाग मीही गेले.

ईथननं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात मोठा हातोडा होता. "न्हाणीघर नवं करतोय," तो म्हणाला. "आवाजाचा त्रास होतोय का? सॉरी."

"आवाजाचं काही नाही," नाउम म्हणाला. "फरश्यांच्या मागं काय आहे?"

"भिंत."

"कसली भिंत?"

ईथननं मागं वळून बघितलं, जणू भिंत स्वतःच सांगेल. "तुम्ही नगरपालिकेतून आलात का?"

"मी वरच्या घरातून आलोय. ही पालकाची पोळी. हे घर कधी बांधलंय माहिती आहे तुला? मला माहिती आहे. बांधलं तेव्हा मी इथंच होतो. हातोडा ठेव, पोळी खा, आणि मी सांगतो ते ऐक. मग पुन्हा हातोडा घ्यायचा असेल तर घे."

त्याला राग आला होता. दिसत होतं. पण हन्ना आतून बाहेर आली. तिचं पोट सातव्या महिन्याचं. तिनं विचारलं, "काय म्हणतायत हे?" नाउमनं तिच्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. मग त्यानं दारातच उभं राहून सगळं सांगितलं, गॅरेजचं, फुटलेल्या भिंतीचं, आयवारच्या पातेल्याचं. रिस्तेचं नाही सांगितलं.

त्यांनी काम थांबवलं. फोडलेल्या फरश्यांना हातही न लावता न्हाणीघराचं दार बंद केलं, खालच्या फटीत ओला टॉवेल लावला. तपासणीचा माणूस येऊन भिंतीचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन गेला. नमुन्यात ॲस्बेस्टॉस सापडलं. नशिबानं ईथननं अजून फरश्यांच्याच थरापर्यंत मजल मारली होती, मागची पाटी जवळजवळ शाबूत होती. हवा तपासली, ती स्वच्छ निघाली. गॅरेथच्या लोकांनी येऊन भिंती काढून नेल्या. तोवर ती दोघं अंघोळीला माझ्याकडे यायची, आणि हन्ना अंघोळ झाली की तासभर माझ्याशी गप्पा मारत बसायची.

आता त्यांचं बाळ रांगतंय. ईथनला काहीही करायचं असलं की तो वर येऊन नाउमला विचारतो. परवा न्हाणीघरात हिरव्या फरश्या बऱ्या की निळ्या, ते विचारायला आला. नाउमला त्यातलं काडीचंही कळत नाही. तरी त्यानं पेन्सिल कानावर लावली, खाली गेला, न्हाणीघरात उभा राहून बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "निळ्या." हन्नाला हिरव्या हव्या होत्या. हिरव्याच लागल्या. नाउम बघायला गेला आणि म्हणाला, "बघ, मी सांगितलं तसं छान दिसतंय."